मॅट्रिक्सच्या खान्यात सदिश, की ॲरेला तिसरा अक्ष?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्यातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पासाठी खानदेशावर जाळी आखली आहे. उत्तर अक्षांश २० ते २२ आणि पूर्व रेखांश ७३.५ ते ७६.५ एवढ्या पट्ट्यात दर ०.०१ अंशाला एक खाना, म्हणजे २०० ओळी आणि ३०० स्तंभ. प्रत्येक खान्यात वाऱ्याचा सदिश ठेवायचा आहे आणि त्याचे पूर्वेकडचा, उत्तरेकडचा व वर जाणारा असे तीन घटक आहेत. त्यावरून रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागांवर मे-जूनच्या वादळी वाऱ्याचा जोर किती येतो आणि शेवरीचे सजीव कुंपण बागेच्या कोणत्या बाजूला अधिक दाट असावे, हे काढायचे आहे. पायथनमध्ये शून्यांची २०० बाय ३०० ची मॅट्रिक्स करून तिच्या एका खान्यात तीन आकड्यांचा सदिश भरायला गेल्यावर नमपायने (पायथनमधील आकडेमोडीच्या ग्रंथालयाने) चूक दाखवली. मग ऑब्जेक्ट प्रकारची, म्हणजे खान्यात कोणतीही वस्तू ठेवू देणारी मॅट्रिक्स केली, एक शून्य सदिश बनवून तोच लूपने सगळ्या खान्यांत ठेवला. आता प्रोग्राम चालतो, पण फार सावकाश चालतो आणि एका खान्यातल्या सदिशाचा घटक बदलला की बदल सगळ्या खान्यांत दिसतो. अशा वेळी सदिश मॅट्रिक्समध्ये साठवण्याची योग्य रीत कोणती?

माझे उत्तर असे आहे की खान्यात सदिश ठेवण्याचा प्रयत्नच सोडावा आणि ॲरेला, म्हणजे आकड्यांच्या क्रमवार मांडणीला, तिसरा अक्ष द्यावा. कागदावर आपण ‘ज्या मॅट्रिक्सचा प्रत्येक घटक हा सदिश आहे’ असे लिहितो आणि ते लिहिणे योग्यच आहे, परंतु साठवणुकीत ती वस्तू म्हणजे तीन निर्देशांक असलेला साध्या दशांश संख्यांचा एक सलग ॲरे असते. त्याचा आकार (२००, ३००, ३) असू शकतो किंवा (३, २००, ३००) असू शकतो. या दोहोंतला फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही आणि या उत्तराचा मोठा भाग त्याच फरकावर खर्च करणार आहे. आधी तुमच्या दोन्ही अडचणींचे कारण पाहू.

संगणकाची मेमरी ही एकच लांब ओळ असते. ओळी, स्तंभ आणि थर ही आपण त्या ओळीवर लादलेली मोजणी आहे. दुहेरी अचूकतेची एक दशांश संख्या ८ बाइट घेते, म्हणून तीन घटकांचा सदिश २४ बाइट आणि ६०,००० खान्यांचे संपूर्ण क्षेत्र १४,४०,००० बाइट, म्हणजे जवळजवळ दीड मेगाबाइट घेते. तुमच्या पहिल्या मॅट्रिक्सने प्रत्येक खान्यासाठी बरोबर ८ बाइट राखून ठेवले होते. त्यात २४ बाइट मावत नाहीत, म्हणून नमपायने ‘एका घटकाच्या जागी क्रमिका ठेवता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश दिला आणि तो अगदी रास्त होता. ऑब्जेक्ट प्रकारच्या मॅट्रिक्समध्ये मात्र खान्यात आकडे नसतातच. ज्या गोदामाच्या कप्प्यात मालाऐवजी ‘माल अमुक ठिकाणी आहे’ अशी चिठ्ठी ठेवलेली असते, तशी ही मॅट्रिक्स पत्त्यांची असते आणि खरा सदिश मेमरीत दुसरीकडे कुठेतरी पडलेला असतो. त्या प्रत्येक सदिशाला स्वतःचा प्रकार, आकार आणि संदर्भगणना (त्याचा पत्ता किती ठिकाणी लिहिला आहे याची मोजदाद) यांची नोंद बाळगावी लागते. नमपायच्या लहानशा ॲरेसाठी ही नोंदच शंभराहून अधिक बाइट होते, म्हणजे २४ बाइटांच्या मालासाठी त्याच्या कित्येक पट हिशेब. जागेपेक्षाही वेळेचे नुकसान मोठे आहे, कारण दोन ऑब्जेक्ट मॅट्रिक्सची बेरीज करताना नमपायचा वेगवान अंतर्गत लूप नुसता पत्ते चाळतो आणि प्रत्यक्ष बेरजेसाठी ६०,००० वेळा पायथनच्या पातळीवर यावे लागते.

‘एक बदलला की सगळे बदलतात’ या त्रासाचे मूळही तेच आहे. तुम्ही एकच शून्य सदिश बनवला आणि त्याचा पत्ता ६०,००० खान्यांत लिहिला. खाने वेगळे झाले, पण सदिश एकच राहिला. पायथनच्या यादीला गुणाकाराने फुगवताना हेच घडते आणि ज्युलियामध्ये ‘फिल’ला शून्य सदिश देऊन मॅट्रिक्स बनवली तरी हेच घडते. त्यामुळे हा एखाद्या भाषेचा दोष समजू नये. जिथे खान्यात मूल्याऐवजी पत्ता ठेवला जातो, तिथे ही शक्यता कायम असते. सलग दशांश ॲरेमध्ये असे होऊच शकत नाही, आणि माझ्या दृष्टीने वेगापेक्षाही हे कारण तिसऱ्या अक्षाच्या बाजूने अधिक वजनदार आहे, कारण सावकाश चालणारा प्रोग्राम आपल्याला जाणवतो, तर चुकीच्या खान्यात गेलेला आकडा जाणवत नाही.

ऑब्जेक्ट मॅट्रिक्सचा आग्रह धरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. समान लांबीच्या सदिशांच्या याद्यांची यादी देऊन ऑब्जेक्ट प्रकार मागितला, तर नमपाय २०० बाय ३०० ची मॅट्रिक्स देत नाही. तो सर्वांत आतल्या पातळीपर्यंत उतरतो आणि (२००, ३००, ३) आकाराचा, पण प्रत्येक आकडा स्वतंत्र ऑब्जेक्ट असलेला ॲरे देतो. आकार तिसऱ्या अक्षाचा आणि वेग ऑब्जेक्टचा, अशी दोन्हीकडची गैरसोय पदरी पडते. सदिशांची लांबी असमान असेल, तर १.२४ या आवृत्तीपासून नमपाय स्पष्टपणे मागितल्याशिवाय असा ॲरे बनवतच नाही, चूक दाखवतो. हा बदल मला योग्य वाटतो. ‘प्रत्येक खान्याचा प्रकारच तीन दशांश संख्यांचा’ असे सांगून पाहिले तरी नमपाय तो उपप्रकार आकारात विरघळवून (२००, ३००, ३) असाच ॲरे हाती देतो, म्हणजे ग्रंथालयाच्या रचनाकारांनीही याच दिशेने कौल दिलेला आहे. घटकांना नावे देणारा संरचित प्रकार वापरता येतो आणि फाइली वाचताना तो उपयोगी पडतो, पण त्यावर थेट बेरीज-गुणाकार होत नाहीत. आकडेमोडीसाठी तो घेऊ नये.

मॅटलॅब किंवा ऑक्टेव्ह या आकडेमोडीच्या भाषा वापरणाऱ्यांसाठी हाच विचार जवळजवळ जसाच्या तसा लागू आहे. तिथे साध्या मॅट्रिक्सच्या एका खान्यात तीन आकडे ठेवू गेल्यास डावी बाजू १ बाय १ आणि उजवी १ बाय ३ असल्याची तक्रार येते. बहुतेक जण मग सेल ॲरेकडे वळतात. सेल ॲरे हीसुद्धा पत्त्यांचीच मॅट्रिक्स आहे आणि प्रत्येक सेलमागे शंभरेक बाइटांची नोंद तिथेही असते. मॅटलॅब सेलची नक्कल हुशारीने करत असल्यामुळे एक बदलला की सगळे बदलण्याचा त्रास होत नाही, पण आकडेमोड मात्र सेल उघडून एकेक करावी लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तिसरा अक्ष शेवटी ठेवावा की सुरुवातीला? (२००, ३००, ३) या आकारात, नमपायच्या नेहमीच्या ओळीनुसार मांडणीत, एका खान्याचे तीनही घटक शेजारीशेजारी असतात. पुढच्या घटकावर जायला ८ बाइट, पुढच्या स्तंभावर जायला २४ बाइट आणि पुढच्या ओळीवर जायला ७,२०० बाइट ओलांडावे लागतात. (३, २००, ३००) या आकारात एका घटकाचा संपूर्ण नकाशा सलग असतो. शेजारचा स्तंभ ८ बाइटांवर, पुढची ओळ २,४०० बाइटांवर आणि त्याच खान्याचा पुढचा घटक ४,८०,००० बाइटांवर असतो. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, साधारणतः ६४ बाइटांचा पट्टा एकदम आणतो आणि त्यात आठ दशांश संख्या बसतात. तुम्हाला फक्त पूर्वेकडचा घटक हवा असेल आणि घटक शेवटच्या अक्षावर असतील, तर आणलेल्या आठ आकड्यांपैकी दोन किंवा तीनच कामाचे निघतात. घटक पहिल्या अक्षावर असतील तर आठही कामाचे असतात आणि एका सूचनेत चार दशांश संख्यांवर क्रिया करणाऱ्या आजच्या प्रोसेसरना ते सरळ उचलता येतात.

म्हणून निर्णय क्रियेवर सोपवावा. तुमच्या प्रोग्राममध्ये सर्वाधिक वेळा काय होते, ते पाहा. वाऱ्याच्या क्षेत्राचे अपसरण (एखाद्या ठिकाणाहून वारा किती बाहेर पसरतो ते) काढायचे असेल, तर पूर्वेकडच्या घटकाचा पूर्वेच्या दिशेने आणि उत्तरेकडच्या घटकाचा उत्तरेच्या दिशेने फरक घ्यावा लागतो. इथे एका वेळी एकाच घटकाचा अख्खा नकाशा हाताळला जातो आणि शेजारचा खाना महत्त्वाचा असतो, त्याच खान्याचा दुसरा घटक नव्हे. अंतर्वेशन (ज्ञात बिंदूंमधले आकडे काढणे), गुळगुळीत करणे आणि सरासरी या क्रियाही याच जातीच्या आहेत. तापी खोऱ्यासारख्या प्रदेशात, जिथे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर साधारण पूर्व-पश्चिम पसरले आहेत, तिथे खोऱ्याच्या लांबीकडचा घटक आणि आडवा घटक यांचे स्वभावच वेगळे असतात. त्यांचे नकाशे वेगळे काढून पाहावेसे वाटतात आणि अशा कामाला (३, २००, ३००) ही मांडणी सोयीची आहे.

याउलट, प्रत्येक खान्यात तीनही घटक एकत्र लागत असतील आणि शेजारच्या खान्याशी काही देणेघेणे नसेल, तर शेवटचा अक्ष बरा. याचे चांगले उदाहरण उताराच्या लंब सदिशांचे आहे. सातपुड्याच्या उंचीच्या आकड्यांवरून प्रत्येक खान्याच्या पृष्ठभागाला लंब असणारा एकक सदिश काढायचा आणि सूर्याच्या दिशेशी त्याचा अदिश गुणाकार करून कोणत्या उतारावर किती ऊन पडते ते ठरवायचे, या कामात सदिश फुटत नाही, अखंडच वापरला जातो. भूमितीचे बहुतेक काम असे असते. तरीही नमपायपुरती एक व्यावहारिक बाब ध्यानात ठेवावी. शेवटच्या अक्षाची लांबी केवळ तीन असेल, तर त्या अक्षावरची बेरीज किंवा लांबी काढताना ग्रंथालयाचा आतला लूप फक्त तीन पावले चालून थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. पहिल्या अक्षावर बेरीज असेल, तर तो अख्खे थर एकमेकांत मिळवतो. त्यामुळे नमपायमध्ये अनेकदा भूमितीच्या कामालाही घटक पहिल्या अक्षावर ठेवणे वेगवान ठरते. सी किंवा फोर्ट्रानमध्ये स्वतः लूप लिहिणाऱ्याला ही अडचण नसते.

तुमच्या कामात आणखी एक क्रिया आहे आणि तिच्यामुळे माझा कौल पहिल्या अक्षाकडे झुकतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो सदिश रूपात लिहिताना हवेच्या घनतेचा निम्मा भाग, वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याचा सदिश यांचा गुणाकार करतात. चाळीस अंश तापमानाला जळगावच्या उंचीवर हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलो असते, त्यामुळे सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला २२० न्यूटनच्या घरात जातो. केळीचे रुंद पान आणि घडाच्या वजनाने आधीच कललेले झाड यांच्यासाठी हा आकडा लहान नाही. आता इथे वेग हा (२००, ३००) आकाराचा अदिश नकाशा आहे आणि त्याने सदिशाचा प्रत्येक घटक गुणायचा आहे. नमपाय दोन आकार उजवीकडून जुळवतो. (३, २००, ३००) आणि (२००, ३००) हे आकार आपोआप जुळतात आणि गुणाकार हवा तसाच होतो. (२००, ३००, ३) आणि (२००, ३००) हे जुळत नाहीत, कारण ३ समोर ३०० येतो. वेगाला शेवटी लांबी १ चा अक्ष जोडावा लागतो किंवा लांबी काढतानाच तो अक्ष राखून ठेवण्याची सूचना द्यावी लागते.

हे जुळणे जिथे चूक दाखवते तिथे भले होते. धोका तिथे आहे जिथे ते चुकूनही जुळते. अनेक जण प्रोग्राम तपासायला ३ बाय ३ ची लहान जाळी घेतात. तीन घटकांच्या सदिशांसह तिचा आकार (३, ३, ३) होतो, वेगाचा (३, ३) होतो, आणि कोणताही अक्ष कोणत्याही अक्षाशी बिनतक्रार जुळून चुकीचे उत्तर बाहेर पडते. चाचणीची जाळी नेहमी अशी घ्यावी की तिच्या तीनही मिती वेगळ्या असतील, उदाहरणार्थ ४ ओळी, ५ स्तंभ आणि ३ घटक. या एका सवयीने अक्षांच्या बहुतेक चुका पहिल्याच दिवशी उघड्या पडतात.

मॅटलॅब, फोर्ट्रान आणि ज्युलिया यांमध्ये मांडणी स्तंभानुसार असते, म्हणजे पहिला निर्देशांक सर्वांत वेगाने बदलतो. त्यामुळे वर सांगितलेले सगळे तिथे उलटे वाचावे. एका खान्याचा सदिश सलग हवा असेल तर घटक पहिल्या अक्षावर ठेवावेत, आणि मॅटलॅबमध्ये याचा दुसरा फायदा असा की पहिला अक्ष पूर्ण मागितल्यास थेट तीन ओळींचा स्तंभ सदिश मिळतो. घटक शेवटी असतील तर १ बाय १ बाय ३ असा चमत्कारिक आकार हाती येतो आणि तो दर वेळी ‘स्क्वीझ’ने दाबावा लागतो. घटकांचे नकाशे सलग हवे असतील तर तिथे घटक शेवटच्या अक्षावर जातात. आकार जुळवणेही मॅटलॅब आणि ज्युलियामध्ये डावीकडून होते. मॅटलॅबमध्ये २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून हे आपोआप होऊ लागले, त्यामुळे (२००, ३००, ३) ला (२००, ३००) ने गुणणे तिथे विनासायास चालते. म्हणजे ‘नकाशे सलग’ ही मांडणी नमपायमध्ये घटक आधी ठेवून आणि मॅटलॅबमध्ये घटक नंतर ठेवून मिळते, आणि दोन्हीकडे आकार जुळवण्याचा नियम तिलाच अनुकूल आहे.

ज्युलियाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर न्याय्य होणार नाही. तिथे स्टॅटिकॲरेज हे पॅकेज घेतले, तर तीन घटकांचा ठरावीक लांबीचा सदिश हा स्वतःच एक मूल्य असतो. पत्ता नसतो. अशा सदिशांची मॅट्रिक्स बनवली की खान्यात खरोखर २४ बाइट सलग बसतात, निर्देशांक दोनच राहतात, आणि कागदावर लिहितो तसे लिहिता येते. गरज पडली तर तीच मेमरी (३, २००, ३००) आकाराचा साधा ॲरे म्हणून नक्कल न करता पाहता येते. सी भाषेत तीन दशांश संख्यांची संरचना करून तिचा ॲरे घेणे म्हणजे हेच. ‘मॅट्रिक्सचा घटक सदिश’ ही कल्पना त्यामुळे मुळात चुकीची नाही. सदिशाची लांबी आधी ठाऊक असून भाषा ती जागेवरच साठवू शकत असेल, तर ती उत्तम चालते, आणि पायथनचे नेहमीचे ऑब्जेक्ट तसे साठवले जात नाहीत एवढाच मुद्दा आहे.

सगळ्या सदिशांना एकाच ३ बाय ३ मॅट्रिक्सने फिरवायचे असल्यास, उदाहरणार्थ पूर्व-उत्तर अक्षांऐवजी खोऱ्याच्या दिशेचे अक्ष घ्यायचे असल्यास, शेवटच्या अक्षाच्या मांडणीत संपूर्ण ॲरेला त्या मॅट्रिक्सच्या परिवर्तित (ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेल्या) रूपाने उजवीकडून गुणले की काम होते. परंतु प्रत्येक खान्याची स्वतःची ३ बाय ३ मॅट्रिक्स असेल, म्हणजे आकार (२००, ३००, ३, ३) असेल, तर तिला (२००, ३००, ३) ने सरळ गुणू नये. नमपाय त्या दुसऱ्या ॲरेकडे ‘३०० बाय ३ च्या २०० मॅट्रिक्स’ म्हणून पाहतो आणि सदिश त्याला दिसतच नाहीत. शेवटी लांबी १ चा अक्ष जोडून सदिशाला स्तंभ बनवावे, गुणावे आणि मग तो अक्ष काढून टाकावा, किंवा ‘आइन्सम’ वापरून कोणत्या निर्देशांकावर बेरीज करायची ते स्वतः लिहावे. नमपायच्या २.२ या आवृत्तीपासून मॅट्रिक्स आणि सदिश यांच्या अशा गुणाकारासाठी ‘मॅटव्हेक’ हे स्वतंत्र फंक्शन आले आहे. मला स्वतःला आइन्सम अधिक पसंत आहे, कारण त्यात निर्देशांक उघडपणे लिहिलेले असतात आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला लेखकाच्या मनात काय होते ते कळते.

पुढे कधी या क्षेत्रावर रेषीय समीकरणे सोडवायची वेळ आली, तर सगळे सदिश एका लांब अज्ञात सदिशात ओवावे लागतात. त्याची लांबी १,८०,००० होते, आणि त्यावरची पूर्ण मॅट्रिक्स साठवायची म्हटली तर सुमारे २५९ गिगाबाइट लागतील, म्हणून तिथे विरळ, म्हणजे फक्त शून्येतर आकडे साठवणाऱ्या मॅट्रिक्सला पर्याय नाही. ओवण्याचा क्रम मात्र आपल्या हातात असतो. तीनही घटकांवर एकच क्रिया स्वतंत्रपणे चालत असेल, तर घटकांचे थर एकामागून एक ठेवावेत. मोठी मॅट्रिक्स मग तीन सारख्या तुकड्यांची होते आणि प्रत्यक्षात एकच तुकडा साठवून तीनदा सोडवला तरी भागते. घटक एकमेकांत गुंतलेले असतील, जसे स्थितिस्थापकतेच्या प्रश्नांत असतात, तर प्रत्येक खान्याचे घटक शेजारी ठेवावेत, म्हणजे मोठ्या मॅट्रिक्सला ३ बाय ३ च्या ठोकळ्यांचे रूप येते. सायपाय या पायथनच्या ग्रंथालयातील ठोकळ्यांचा विरळ प्रकार असा एक ठोकळा, म्हणजे नऊ आकडे, एकाच निर्देशांकाने साठवतो.

असमान लांबीच्या सदिशांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो लवकरच येईल, कारण प्रत्येक खान्यात पडणाऱ्या पर्जन्यमापकांच्या नोंदी जोडायला गेलात की काही खान्यांत एकही नोंद नसेल आणि काहींत कितीतरी असतील. इथेही ऑब्जेक्ट मॅट्रिक्सकडे जाण्याची गरज नाही. सगळ्या नोंदी एका लांब ॲरेत खान्यांच्या क्रमाने लावाव्यात आणि दुसऱ्या, खान्यांच्या संख्येपेक्षा एकाने लांब असलेल्या पूर्णांकांच्या ॲरेत प्रत्येक खान्याची सुरुवात लिहून ठेवावी. एका खान्याच्या नोंदी म्हणजे त्याची सुरुवात आणि पुढच्याची सुरुवात यांमधला तुकडा. रिकाम्या खान्यात दोन्ही आकडे सारखे असतात, वेगळी काळजी घ्यावी लागत नाही.

काळाचा अक्ष जोडताना आधी गुणाकार करून पाहावा. वर्षभराच्या दर तासाच्या नोंदी म्हणजे ८,७६० थर. दुहेरी अचूकतेत ते १२.६ गिगाबाइट होतात आणि एकेरी अचूकतेत त्याच्या निम्मे. वाऱ्याच्या आकड्यांसाठी एकेरी अचूकतेचे सात अंक पुरेसे आहेत, साठवण त्यातच करावी. मोठ्या बेरजा मात्र दुहेरी अचूकतेत कराव्यात. काळ सर्वांत बाहेरच्या अक्षावर ठेवला तर एका तासाचे क्षेत्र सलग मिळते. एकाच बागेची वर्षभराची मालिका वारंवार लागत असेल, तर फाइल लहान लहान तुकड्यांत साठवणारा प्रकार निवडावा.

ईआरए५ सारख्या हवामानाच्या संचातून आकडे घेणार असाल, तर तिथे पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा घटक ही दोन वेगळी चले असतात, म्हणजे ‘नकाशे सलग’ हीच मांडणी तुम्हाला आयती मिळते आणि ती मोडण्यात अर्थ नाही. त्या संचाची जाळी ०.२५ अंशांची आहे, त्यामुळे तुमच्या पट्ट्यात तिचे केवळ ९ बाय १३ बिंदू येतात. ११७ बिंदूंवरून ६०,००० खाने भरता येतील, पण त्यामुळे सातपुड्याच्या एखाद्या घळीतला वारा कळला असे समजू नये. वेग आणि दिशा यांच्या रूपात नोंदी मिळाल्या, तर प्रथम त्यांचे घटक करावेत आणि मगच सरासरी किंवा अंतर्वेशन करावे. ३५० अंश आणि १० अंश या दोन्ही जवळजवळ उत्तरेच्याच दिशा आहेत, तरी त्यांची साधी सरासरी १८० अंश, म्हणजे थेट दक्षिण येते. हवामानशास्त्रात दिशा वारा जिकडून येतो तिकडची सांगतात, त्यामुळे घटक काढताना चिन्ह उलटते. शेवरी कोणत्या बाजूला लावायची हे ज्याच्यावर ठरणार आहे, त्यात हे चिन्ह चुकणे परवडणारे नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझी शिफारस नमपायमध्ये (३, २००, ३००) या आकाराच्या सलग दशांश ॲरेची आहे. एका खान्याचा सदिश हवा असेल तेव्हा वारा[:, क, ख] असे लिहावे. त्यासाठी नक्कल होत नाही, त्याच मेमरीकडे पाहणारी खिडकी मिळते. म्हणूनच तिच्यात बदल केला तर मूळ क्षेत्र बदलते, आणि ते नको असेल तर आधी नक्कल करून घ्यावी. आकार कोणत्या क्रमाने आहे ते ॲरे जिथे जन्माला येतो तिथेच टिप्पणीत लिहावे. अंतर काढताना खान्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १.११ किलोमीटर धरावी. पूर्व-पश्चिम रुंदी अक्षांशाच्या कोज्येने घटते आणि २१ अंशांवर सुमारे १.०४ किलोमीटर भरते.

खरे आकडे भरण्यापूर्वी एक कृत्रिम क्षेत्र चालवून पाहावे. पूर्वेकडचे अंतर क्ष आणि उत्तरेकडचे अंतर य मानून पूर्वेकडचा घटक २क्ष, उत्तरेकडचा घटक ५य आणि वर जाणारा घटक शून्य घ्यावा. याचे अपसरण सर्वत्र ७ आणि वलन (वाऱ्याची भोवऱ्यासारखी फिरकी) सर्वत्र शून्य यायला हवे. अपसरण उणे ३ आणि वलन शून्य आले, तर ओळी उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत आहेत. ईआरए५ मध्ये अक्षांशांचा क्रम तसाच असतो, त्यामुळे ही चूक सर्वांत संभवनीय आहे. अपसरण शून्य आणि वलन अधिक ३ आले, तर ओळी आणि स्तंभ यांच्या अवकलांची अदलाबदल झाली आहे, कारण नमपायचे ‘ग्रेडियंट’ आधी ओळींच्या दिशेचे उत्तर देते आणि नंतर स्तंभांच्या. अपसरण शून्य आणि वलन उणे ३ आले, तर अक्ष बरोबर आहेत, पण घटकांचा क्रम उलटा लागला आहे.